बाणकोट ते वेळास : किल्ल्यापासून कासवांपर्यंत

सावित्री नदी जेथे सागराला मिळते, तेथे दक्षिण तीरावर बाणकोटचा जांभ्या दगडाचा किल्ला उभा आहे. महाड बंदराचा माल याच खाडीतून ये-जा करी. त्यामुळे ज्याच्या ताब्यात बाणकोट, त्याच्या हाती तो सारा व्यापार. आंग्र्यांच्या काळात हा हिंमतगड होता. पुढे १७५६ च्या तहाने पेशव्यांनी तो इंग्रजांना दिला. त्यांनी ठेवलेले ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव मात्र राणी व्हिक्टोरियाचे नव्हे. तिचा जन्म १८१९ चा.

किल्ल्यावरून उतरून समुद्र उजव्या हाताला ठेवीत चालावे, म्हणजे वेळास येते. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे आणि पलीकडे सुरूचे बन. दृष्टी वर असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही दिसतो.

वेळासची खरी ख्याती ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे संरक्षणाचे काम हाती घेतले आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. आज पहाटे किनारा धुंडाळून, अंडी अलगद उचलून, कुंपणाच्या आत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवणारे हात गावातीलच आहेत. अंड्यांच्या विक्रीतून काय मिळत असेल ते असो. कासवे पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांमुळे आता अनेक घरांना हंगामी उत्पन्न मिळते. हा व्यवहार व्यापारी मनालाही पटण्याजोगा आहे.

सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले निघाली असतील तर त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. तळहाताहून लहान जीव लाटेकडे सरकू लागतो, लाट त्याला मागे लोटते, तो पुन्हा निघतो. बॅटरी किंवा मोबाइलचा प्रकाश त्यांना भुलवितो, म्हणून दिवे बंदच ठेवावेत आणि दोरीच्या आत पाऊल टाकू नये. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून जावे.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ योग्य. हरिहरेश्वराकडून येणाऱ्यांना बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. मुक्काम गावातील घरांतच होतो. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास यजमानांना आधीच कळवावे. चौविहार पाळणाऱ्यांनी भोजन लवकर उरकून घ्यावे, कारण संध्याकाळी पिल्ले सोडण्याची वेळ नेमकी सूर्यास्ताचीच असते.