आइसलँडचा एक नंबरचा रस्ता

आइसलँडला प्रदक्षिणा घालणाऱ्या हमरस्त्याचा क्रमांक १, लांबी सुमारे १,३२० किलोमीटर. बेट महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचं आणि लोकवस्ती चार लाखांच्या आत. रस्ता चुकण्याची भीती नाही, ठरवायची ती फक्त दिशा. माझं मत विचाराल तर राजधानी रेक्याविकहून दक्षिणेला उतरून घड्याळाच्या उलट फिरावं. असं गेलं की वाटेतला दगड हळूहळू म्हातारा होत जातो. पूर्व किनाऱ्यावर तो सर्वांत जुना भेटतो आणि उत्तरेला पुन्हा एकदम कोवळा.

याचं कारण बेटाच्या पोटात आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट इथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरच्या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली फट लाव्हा बुजवत राहतो. त्यामुळे नवा दगड मध्यभागी आणि जुना काठाला. रेक्याविकपासून तासाभरावरच्या थिंगवेट्लिरला ही ओढाताण उघड्यावर दिसते: उभे कडे, त्यांच्यामधून जाणारी वाट आणि भेगांत साठलेलं नितळ पाणी. इ.स. ९३० मध्ये बेटाची लोकसभा, अल्थिंग, भरायला लागली ती इथेच. हमरस्ता सोडून एवढं वळण घ्याच.

तसंच पुढे गेलं की स्त्रोक्कुर. हा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो, बहुतेक वेळा १५-२० मीटर. खाली पाण्याने भरलेली अरुंद नळी आहे. तळाच्या पाण्यावर वरच्या सगळ्या पाण्याचं वजन असतं, म्हणून ते शंभर अंशांवर उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये होतं तेच. तापत तापत शेवटी थोडी वाफ सुटते, वरचं पाणी उचललं जातं, काही बाहेर सांडतं. वजन कमी झालं की तळाशी कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. डोळा कुंडावर ठेवा. पाणी आधी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं, मग त्याचा निळा, काचेसारखा घुमट फुगतो आणि सेकंदभरात फुटतो. उभं राहताना वारा पाठीवर घ्या, नाहीतर गंधकाच्या वासाची आंघोळ ठरलेली.

दक्षिण किनाऱ्याचे प्रसिद्ध धबधबे, सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस, दोन्ही ६० मीटरांच्या आसपास. ते ज्या कड्यावरून पडतात तो एके काळी समुद्राचा काठ होता. हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्यावर जमीन वर आली आणि समुद्र मागे गेला. पुढच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर काळी वाळू आणि षट्कोनी खांबांचा कडा आहे. लाव्हा थंड होताना आक्रसून तडकला की असे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रकारची. इथली लाट मात्र न सांगता लांबवर येते आणि तिने माणसं ओढून नेली आहेत. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

विक गावाच्या पुढे वाळूची मैदानं लागतात. गाडीतून ती कंटाळवाणी वाटतात, पण या रस्त्याची खरी गोष्ट तिथेच आहे. बेटाभोवतीचं वर्तुळ १९७४ पर्यंत पूर्ण होऊ शकलं नव्हतं ते इथल्या नद्यांमुळे. वात्नायोकुल या प्रचंड हिमटोपीखाली जिवंत ज्वालामुखी आहेत. उद्रेक झाला की बर्फ वितळतं, पाणी बर्फाखालीच साठत जातं आणि एक दिवस हिमनदीला उचलून बाहेर पडतं. सप्टेंबर १९९६ च्या अखेरीस असा उद्रेक झाला. पाणी महिनाभर बर्फाखालच्या ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखीच्या विवरात चढत राहिलं. शास्त्रज्ञ मोजमाप घेत होते, रस्ता बंद केलेला होता. ५ नोव्हेंबरला पूर आला. भरात असताना सेकंदाला सुमारे ४५,००० घनमीटर पाणी आणि त्यात तरंगणारे घराएवढे हिमखंड. एक पूल पूर्ण गेला, स्केइदारा नदीवरचा देशातला सर्वांत लांब पूल मोडला. जीवितहानी शून्य. रस्ता काही आठवड्यांतच तात्पुरता चालू झाला. पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. थांबून त्यांना हात लावून पाहा. आणि गंमत पुढे आहे: २००९ मध्ये हिमनदी आटत गेल्याने स्केइदाराचं पाणी शेजारच्या नदीत वळलं. दुरुस्त केलेला लांबलचक पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. २०१७ पासून त्याच्याऐवजी छोटा पूल वापरात आहे.

याच पट्ट्यात एकपदरी पूल लागतात. जो आधी पोचेल तो आधी जातो, दुसऱ्याने थांबायचं. वारा इतका की निष्काळजीपणे उघडलेलं दार बिजागरीतून उलटं फिरतं आणि त्याचा खर्च विम्यात सहसा बसत नाही. दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं.

योकुल्सारलोनच्या सरोवरात हिमखंड तरंगतात. १९३० च्या दशकात हिमनदी मागे हटू लागली तेव्हा ते तयार होऊ लागलं. पाहून घ्या, गर्दी असतेच.

गर्दी संपते ती पूर्वेच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांत. बहुतेक पर्यटक इथून घाईने निघतात, मला हाच भाग सगळ्यांत आवडता. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, थरावर थर, अगदी सह्याद्रीसारखे. यात योगायोग नाही: दोन्हीकडे बेसाल्टच्या लाव्हाचे थर एकावर एक साचले. आपले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, इथले दीड कोटी वर्षांच्या आतले. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपून झिओलाइटचे स्फटिक वाढतात. जळगाव, नाशिक, पुण्याच्या खाणींतले स्टिल्बाइट, स्कोलेसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ड्यूपिवोगुरजवळच्या तेइगारहोर्नचेही आहेत. जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने हे डोंगर पायी पिंजून काढले. कोणत्या उंचीवर कोणता झिओलाइट सापडतो यावरून तो थर किती खोल गाडला गेला होता आणि वरचा किती डोंगर झिजून गेला, हे त्याने दाखवलं. तेइगारहोर्न १९७५ पासून संरक्षित आहे, खडाही उचलायचा नाही. इथून नकाशाचं ॲप उत्तरेला ओक्सी घाटाचा जवळचा रस्ता सुचवेल. तो खडीचा आणि खडा चढाचा आहे. धुक्यात किंवा हिवाळ्यात ॲपचं ऐकू नका.

एगिल्सस्तादिर गाव सोडलं की ताज्या दगडाकडे परत. मीवात्न सरोवराकाठची वाटोळी विवरं खरी ज्वालामुखीची मुखं नाहीत: लाव्हा दलदलीवरून वाहत गेला, खालच्या पाण्याची वाफ झाली आणि ती वर फुटली. शेजारच्या क्राफ्ला भागात १९७५ ते १९८४ जमीन वारंवार फाटली. १९७७ मध्ये तर वाफेसाठी खणलेल्या बोअरमधून थोडा लाव्हा बाहेर आला होता. दिवसभर हिंडून अंग आंबलं की गावच्या तरणतलावाच्या गरम कुंडात बसा. आधी कपडे काढून साबणाने आंघोळ करणं सक्तीचं. लाजणाऱ्याला सवलत नाही.

आकुरेरी शहराच्या अलीकडे बोगदा लागतो. टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे. विसरलात तर बिल गाडी भाड्याने देणाऱ्याकडून दंड लावून येतं. त्यानंतर मेंढ्या, गवत आणि पुन्हा जुना दगड. शेवटी क्वालफ्योर्डचा १९९८ मधला बोगदा समुद्रपातळीखाली १६५ मीटरपर्यंत उतरतो. तिथला टोल २०१८ मध्ये बंद झाला. बाहेर पडलं की रेक्याविक अर्ध्या-पाऊण तासावर.