स्लोव्हेन शिकावी की डॅनिश?

युरोपात पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं की आपल्याकडे बहुतेक जण जर्मन नाहीतर फ्रेंचच्या वर्गात नाव घालतात. डेन्मार्क किंवा स्लोव्हेनियाला जाणाऱ्यांना मात्र इंग्रजी पुस्तकं आणि ॲप यांवरच भागवावं लागतं. ती पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांतलं 'सोपं' आणि 'अवघड' हेही त्यांचंच असतं. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या वाडीतल्या मुलामुलींचा हिशोब वेगळा निघतो. या लेखात तो मांडून पाहते.

आधी ओळख. डॅनिश ही जर्मॅनिक कुळातली, म्हणजे इंग्रजीची जवळची नातेवाईक. बोलणारे साधारण 60 लाख. स्लोव्हेन ही स्लाव्हिक, म्हणजे रशियन आणि पोलिश यांच्या गोतावळ्यातली. बोलणारे 20 लाखांहून थोडे जास्त. दोन्ही युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा आहेत आणि दोन्ही रोमन लिपीत लिहितात. इंडो-युरोपियन या मोठ्या कुटुंबामुळे दोघींचं आपल्या मराठीशीही लांबचं नातं लागतं.

लिंग आणि विभक्ती

इंग्रजी पुस्तकं स्लोव्हेनची पहिली भीती घालतात ती तीन लिंगांची. आपल्याला त्यात नवीन काय? 'नवा, नवी, नवं' याला स्लोव्हेनमध्ये 'नोव, नोवा, नोवो' म्हणतात. अर्थ तोच, मूळही तेच. गुजरातीतही 'नवो, नवी, नवुं' आहेच. डॅनिशमध्ये दोनच लिंगं उरली आहेत, पण कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे शब्दाकडे बघून सहसा कळत नाही, पाठच करावं लागतं. स्लोव्हेनमध्ये शेवटचा स्वर बरंच सांगून जातो.

दुसरी भीती सहा विभक्तींची. 'बडोदे' या शब्दाला 'त' लावताना आपण 'बडोदेत' म्हणत नाही, 'बडोद्यात' म्हणतो. शब्द आधी वाकतो. स्लोव्हेनमध्येही 'ल्युब्ल्याना' शहराचं नाव 'ल्युब्ल्यानामध्ये' म्हणताना 'ल्युब्ल्यानि' होतं. रूपं पाठ करावी लागतात हे खरं, पण शब्द असा का वाकतो हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. डॅनिशमध्ये ही भानगड जवळपास नाही. क्रियापदही सोपं: मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, या सगळ्यांना एकच रूप.

स्लोव्हेनचं खास वैशिष्ट्य म्हणजे द्विवचन. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना एकवचन, द्विवचन, बहुवचन असे तीन रकाने आठवत असतील. मराठीने मधला रकाना कधीच सोडून दिला. स्लोव्हेनने तो रोजच्या बोलण्यात जपलाय. एक भाऊ 'ब्रात', दोन भाऊ 'ब्राता', तीन किंवा त्याहून जास्त झाले की वेगळंच रूप. 'आम्ही दोघं' यासाठीही स्वतंत्र सर्वनाम आहे.

उच्चार

इथे डॅनिश मागे पडते. लिहिलेलं एक आणि ऐकू येणारं भलतंच. व्यंजनं गिळली जातात, 'ड' इतका मऊ होतो की कानाला 'ल'सारखा वाटतो, आणि गळ्यात एक छोटासा अडथळा येतो त्याने अर्थच बदलतो. 'ती' आणि 'कुत्रा' या दोन शब्दांत उच्चाराचा फरक तेवढाच. वाचायला डॅनिश पटकन येते. रेल्वे स्टेशनवरची घोषणा कळायला मात्र बराच काळ जातो.

स्लोव्हेनमध्ये लिहिलेलं बऱ्याच अंशी तसंच वाचतात. शिवाय मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. स्लोव्हेनमध्ये हे दोन्ही च आहेत आणि त्यांना दोन वेगळी अक्षरं आहेत: साधा 'सी' म्हणजे 'चारा' मधला, आणि डोक्यावर खूण असलेला 'सी' म्हणजे 'चार' मधला.

आकडे

डॅनिश आकड्यांची जगभर चेष्टा होते, पण मला त्यांतच सगळ्यात जास्त मजा आली. 21 ला डॅनिश आणि स्लोव्हेन दोन्हींत 'एक आणि वीस' म्हणतात. इंग्रजी माणूस गोंधळतो. आपण तर 'एकवीस'च म्हणतो.

पुढे डॅनिश मोजणी विसांवर चालते. 60 म्हणजे तीन वीस, 80 म्हणजे चार वीस. आणि 50? 'हाल्त्रेस', म्हणजे 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच विसा पन्नास! आपला 'अडीच' शब्दही संस्कृत 'अर्धतृतीय' यावरूनच आलाय. 70 म्हणजे अर्धा-चौथा, म्हणजे साडेतीन विसा. जुन्या पाढ्यांतली 'औटकी' आजीला विचारा. 'औट' म्हणजे साडेतीन, मूळ 'अर्धचतुर्थ'. दीडसाठी डॅनिश आणि स्लोव्हेन दोन्हींत 'अर्धा-दुसरा' असा शब्द आहे, आणि आपला 'दीड' याच कल्पनेतून, 'द्व्यर्ध' यावरून आला. इंग्रजीतून शिकताना हा सगळा प्रकार विचित्र वाटतो. दिडकी-अडीचकीवरून गेलात तर पाच मिनिटांत समजतो.

मग निवड कशी करायची?

वाचनासाठी, संशोधनासाठी भाषा हवी असेल तर डॅनिश घ्या. इंग्रजीचा आधार मिळतो, साधनं भरपूर आहेत, आणि नॉर्वेजियन मजकूरही बराचसा वाचता येतो. फक्त पहिल्या दिवसापासून रोज ऐका, नाहीतर कान मागे राहतील. व्याकरणाची आवड असेल, संस्कृत थोडंफार येत असेल किंवा पुढे इतर स्लाव्हिक भाषांकडे वळायचं असेल तर स्लोव्हेन घ्या. सुरुवात हळू होईल, पण उच्चारात अडकणार नाही. साधनं मात्र कमी आहेत, शोधावी लागतील.

आणि कुठलीही घेतलीत तरी वहीत तीन रकाने आखा: नवी भाषा, इंग्रजी आणि मराठी. तिसरा रकाना आपण सहसा आखतच नाही, कारण परदेशी भाषा शिकताना मराठीचा काय उपयोग, असं आपल्याला वाटत असतं. आधी 'नवा, नवी, नवं' आणि 'अडीच' त्यात लिहून बघा.