मराठी आहे हो, पत्ता चुकलाय!

मु. पो. नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी. एवढं लिहिलं की पत्र बरोब्बर आमच्या गावात येतं. यातला तालुका चुकवा, बसलं फिरत! तुमच्या सी प्रोग्रॅममधल्या मराठीचंही अगदी असंच असतं.

गणपतीत गावी गेले होते. मावसभावाने लिनक्सवर ग्रंथालयाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, कॉलेज प्रोजेक्टसाठी. रात्री जागून सगळे मेसेज मराठीत केलेले. पण रन केला की स्क्रीनवर इंग्रजीच! एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘यात मराठी चालतच नसेल’ म्हणत तो सगळं गुंडाळायला निघाला. मी मासकॉमवाली, मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. मग दोघांनी मिळून मॅन्युअल वाचलं.

सी प्रोग्रॅममध्ये भाषांतरासाठी बहुतेक वेळा ‘जीएनयू गेटटेक्स्ट’ वापरतात. हे १९९५पासून आहे. तुम्ही भाषांतर ‘पीओ’ फाइलमध्ये लिहायचं, ‘एमएसजीएफएमटी’ कमांडने त्याची ‘एमओ’ फाइल करायची. प्रोग्रॅम सुरू झाला की ही फाइल शोधली जाते, तीही ठरलेल्या पत्त्यावरच. आधी मूळ फोल्डर, म्हणजे जिल्हा. त्यात मराठीचा ‘एमआर’, हा तालुका. त्यात ‘एलसी_मेसेजेस’, हे गाव. आणि शेवटी प्रोग्रॅमच्या नावाची एमओ फाइल, म्हणजे घर. घर सापडलं नाही तर गेटटेक्स्ट तक्रार करत नाही, मूळ इंग्रजी वाक्य गुपचूप दाखवतं. घोळ होतो तो इथेच.

भावाने फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, पण ‘बाइंडटेक्स्टडोमेन’ लिहिलंच नव्हतं. जिल्हा कुठला, हे सांगणारी हीच ओळ. ती नसल्यामुळे शोध चालला होता सिस्टिमच्या फोल्डरमध्ये. ही ओळ लिहिताना पूर्ण पाथ द्या. तो फोल्डर खरंच आहे का, हे ती तपासत नाही!

ओळ टाकली, तरी इंग्रजीच. आता काय? ‘लोकेल -ए’ कमांड दिली, तर यादीत ‘एमआर_आयएन’ नव्हतं. म्हणजे मशीनवर मराठी लोकेल तयारच नव्हतं. अशा वेळी ‘सेटलोकेल’ फेल होतं आणि भाषांतराकडे कुणी बघतही नाही. लोकेल तयार केलं, ‘लँग’ मराठीवर सेट केलं आणि स्क्रीनवर उमटलं, ‘पुस्तक जमा झाले.’ आजीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. इतका वेळ ती नुसतीच आमचे चेहरे बघत बसली होती.

तुमचंही असं अडलं तर ‘एसट्रेस’ लावून बघा. प्रोग्रॅमने कुठल्या कुठल्या दारावर टकटक केली, ते ओळीने दिसतं. ‘सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाही’ असं आपण पटकन बोलून जातो. कधी कधी कुणीतरी रात्र जागून ते केलेलं असतं. म्हणून वैतागायच्या आधी एकदा पत्ता तपासा.