फवारणीचे विष आणि हृदय

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. उलटी, घाम, लाळ ही लक्षणे आपण ओळखतो. पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधे हृदयाचे ठोकेही बिघडवतात. कधी मंद, कधी वेडेवाकडे. उलटी थांबली म्हणजे गडी बरा झाला असे नव्हे. ठोके दोन-चार दिवसांनीही चुकू शकतात. म्हणून ईसीजी काढून घ्यावा, डॉक्टर सोडेपर्यंत घरी आणू नये. हुमणीसाठी आपण सरीत टाकायचो ते फोरेट याच जातीचे. २०२० अखेर त्यावर बंदी आली, तरी एखाद्याच्या कोठीत जुनी पिशवी निघतेच! ती उसाला टाकू नका. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्या; त्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवायला मदत होते.