काच तपकिरी झाली, किरणोत्सर्गी नाही

मुंबईत ट्रॉम्बे इथल्या 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. अशा निर्जंतुकीकरणाची रूढ मात्रा २५ किलोग्रे. साध्या पारदर्शक काचेच्या बाटलीला एवढी मात्रा मिळाली, तर ती तपकिरी होते. या रंगाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: रंग बदललेली काच किरणोत्सर्गी झालेली असते.

वस्तुस्थिती: कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट असते. काचेतल्या सिलिकॉन, ऑक्सिजन, सोडियमच्या अणुकेंद्रांना किरणोत्सर्गी करायला ती अपुरी पडते. हे किरण इलेक्ट्रॉन तेवढे जागेवरून हलवतात. तपकिरी बाटली बेलाशक हातात घ्यावी. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनची गोष्ट वेगळी. ते अणुकेंद्रात शिरतात, त्यामुळे काचेतले काही अणू किरणोत्सर्गी होऊ शकतात.

गैरसमज: काच करपते, किंवा तिच्यावर थर बसतो.

वस्तुस्थिती: रंग काचेच्या आत असतो, घासून जात नाही. सुटलेला इलेक्ट्रॉन भटकत जाऊन दुसरीकडे अडकतो आणि मूळ जागी उणीव राहते. तिला 'होल' म्हणतात. अडकलेले इलेक्ट्रॉन आणि होल प्रकाशातला काही भाग शोषतात, उरलेला आपल्याला दिसतो. बाटलीच्या काचेत सोडियममुळे सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी जागोजागी तुटलेली असते. तिथल्या ऑक्सिजनवर होल बसले की काच तपकिरी दिसते. मँगनीज घातलेली जुनी काच जांभळी होते, कारण मँगनीज एक इलेक्ट्रॉन गमावतं. वर्षानुवर्षं ऊन खाल्लं, तरी अतिनील किरणांमुळे हाच बदल घडतो. रेडियमच्या किरणांनी काचेला रंग चढतो, हे मारी आणि पिएर क्युरी यांनी १८९९ मध्येच नोंदवलं होतं.

गैरसमज: शुद्ध सिलिका रंगहीन राहते, म्हणजे तिला काही होत नाही.

वस्तुस्थिती: शुद्ध सिलिकातही बंध तुटतात, पण त्यांच्या खुणा बहुतांशी डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागात असतात. सिलिकॉनचा एक बंध तुटून तिथे एकटा इलेक्ट्रॉन उरला, तर त्या दोषाला 'ई-प्राइम' केंद्र म्हणतात. ते २१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. अमेरिकेतल्या ओक रिज इथे रॉबर्ट वीक्स यांनी १९५६ मध्ये किरण दिलेल्या क्वार्ट्झमध्ये अशा इलेक्ट्रॉनचा चुंबकीय संकेत टिपला. ऑक्सिजनच्या बाजूला तुटलेला बंध २६० नॅनोमीटरला जोरात आणि ६२० च्या सुमारास क्षीण शोषण करतो. खिडकीपुरत्या जाडीत हे जाणवत नाही. ऑप्टिकल फायबरमध्ये मात्र प्रकाशाला दूरवर जायचं असतं, तिथे क्षीण शोषणही साचत जाऊन संदेश दुबळा करतं.

गैरसमज: रंग जितका गडद, तितके किरण जास्त.

वस्तुस्थिती: एकाच मात्रेत दोन काचा निरनिराळ्या रंगतात. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियमचे मोजके अणू असले, तरी सिलिकाला धुरकट किंवा जांभळट छटा येते. शिवाय रंग एका मर्यादेनंतर वाढेनासा होतो. उलट घटक नेमके ठाऊक असतील, तर हाच बदल मोजपट्टी ठरतो. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत फॉस्फरसयुक्त फायबरने किरणांची मात्रा मोजतात.

गैरसमज: चढलेला रंग कायमचा.

वस्तुस्थिती: काही रंग खोलीच्या तापमानालाही हळूहळू फिके होतात. काच काहीशे अंशांपर्यंत तापवली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून होलमध्ये परततात आणि रंग जातो. कधी कधी त्या वेळी मंद उजेडही दिसतो. वेगवान न्यूट्रॉन मात्र अख्खे अणू ढकलतात. त्यांच्या मोठ्या माऱ्याने सिलिका काच सुमारे दोन टक्के घट्ट होते, आणि ही घडण पूर्ववत व्हायला रंग घालवण्यापेक्षा बरंच जास्त तापमान लागतं.

काच काळवंडू नये यासाठी उपायही आहे. काचेत सेरियम घातलं, तर ते इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही आपल्याकडे खेचतं, आणि त्याचं स्वतःचं शोषण मुख्यतः अतिनील भागात असतं. तीव्र किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याच्या बंदिस्त कक्षांना शिसेयुक्त जाड काचेच्या खिडक्या असतात. सेरियममुळे त्यांना किंचित पिवळी झाक येते, पण त्या काळवंडत नाहीत. बाहेर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला आतली यांत्रिक बोटं स्पष्ट दिसतात आणि काम बिनधोक चालतं.