एकाच युनिटचे दोन भाव!

मित्रांनो, पुण्याच्या बुधवार पेठेत तुम्ही कधी ना कधी गेला असालच. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला, तुळशीबागेत खरेदीला, नाहीतर जून महिन्यात वह्या-पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात! आणि विज्ञान प्रदर्शनासाठी छोटी मोटर, दिवा, वायर हवी असेल, तर पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत. नावात तपकीर असली, तरी ही गल्ली ओळखली जाते ती विजेच्या सामानासाठी. वायरींची भेंडोळी, पंखे, बटणं, दिव्यांच्या माळा... काय हवं ते मागा!

पण जिथे विजेचं सगळं काही मिळतं, त्याच पेठेत विजेवर चालणारी मोटार चार्ज करायची झाली तर? चला, आज हाच हिशोब मांडू या. वही-पेन्सिल घेऊनच बसा, बरं का!

मामाची गाडी आली

समजा, तुम्ही बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहता. तुमचा मामा साताऱ्याला राहतो. त्याने नवीकोरी इलेक्ट्रिक कार घेतली आणि रविवारी सकाळी आजीला भेटायला तो ती घेऊनच निघाला.

गाडीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते असं धरू. (जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती.) युनिट म्हणजे काय, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. १००० वॉटची इस्त्री तासभर चालली, की एक युनिट वीज खर्च होते.

मामा निघाला तेव्हा बॅटरी ८० टक्के भरलेली होती, म्हणजे २४ युनिट. एका युनिटमध्ये गाडी साधारण सहा किलोमीटर जाते असं धरलं, तर साताऱ्याहून पुण्याला यायला सुमारे १८ युनिट लागतील. पुण्यात पोचल्यावर उरले सहा युनिट, म्हणजे २० टक्के. संध्याकाळी परत जायचं, तर पुन्हा १८ युनिट भरायलाच हवेत.

आजी म्हणते, “अरे, त्यात काय एवढं? खिडकीतून वायर सोड की खाली!”

मामा हसतो. “आई, गाडी मंडईजवळच्या वाहनतळावर लावलीय. तिथपर्यंत वायर सोडायची म्हणजे निम्म्या पेठेवरून न्यावी लागेल!”

आणि गाडी अगदी दारात असती तरी ते करायचं नाही, मित्रांनो. गाडी चार्ज होताना तासन् तास मोठा प्रवाह वाहतो. साध्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर त्याने तापते, वितळते, आग लागू शकते. त्यासाठी जाड वायर, चांगलं अर्थिंग आणि वेगळं सर्किट लागतं. जुन्या लाकडी वाड्यात तर हा खेळ नकोच!

मग मामाने काय केलं? मोबाइलवर शोधून एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन गाठलं.

येताना दोनशे, जाताना सव्वाचारशे!

आता वही उघडा. दर ठिकठिकाणी वेगळे असतात आणि बदलतातही. म्हणून हिशोबापुरते गोल आकडे घेऊ. घरची वीज युनिटला १० रुपये, स्टेशनवरची २० रुपये.

घरी चार्ज करताना काही वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. म्हणून बॅटरीत १८ युनिट भरायला घरच्या मीटरवर सुमारे २० युनिट पडतात. २० गुणिले १० म्हणजे २०० रुपये. हा झाला साताऱ्याचा खर्च.

स्टेशनवर १८ गुणिले २० म्हणजे ३६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६४ रुपये ८० पैसे. एकूण ४२४ रुपये ८० पैसे!

पाहा गंमत! गाडी तीच, रस्ता तोच, अंतरही तेच. येताना २०० रुपये आणि जाताना ४२५!

तुम्ही म्हणाल, “मग पेट्रोलची गाडी काय वाईट?” तेही पाहू. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी धरा. एवढ्याच अंतराला सात लिटरहून थोडं जास्त पेट्रोल लागेल. २०२१ सालापासून पुण्यात पेट्रोल लिटरमागे शंभरी ओलांडून बसलं. १०५ रुपये धरले, तरी साडेसातशेच्या वर बिल होतं. म्हणजे स्टेशनवर चार्ज केलेली गाडीसुद्धा पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडली. पण इलेक्ट्रिक कार विकत घेताना सहसा जास्त पैसे मोजावे लागतात. ते जादा पैसे रोजच्या बचतीतून हळूहळू वसूल होतात. ज्याच्या घरी चार्जर आहे त्याचे लवकर, ज्याच्या घरी नाही त्याचे उशिरा.

हाच मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

घरचा चहा, अमृततुल्यचा चहा

स्टेशनवाला मग लुबाडतो का? थांबा, घाई नको. घरी केलेला चहा स्वस्त पडतो आणि अमृततुल्यमधला महाग. दूध तेच, साखर तीच. पण तिथे जागेचं भाडं असतं, शेगडी पेटती ठेवावी लागते, माणसांचे पगार असतात. चार्जिंग स्टेशनचंही तसंच आहे.

पहिला खर्च यंत्राचा. घराच्या भिंतीतून येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. बॅटरीला मात्र दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी लागतो. घरी चार्ज करताना हे रूपांतर गाडीतलं छोटं यंत्र करतं. ते बिचारं सावकाश काम करतं. घरच्या मोठ्या पिनच्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे मामाच्या गाडीला सहा तास! जलद चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेरच्या कपाटाएवढ्या यंत्रात होतं आणि डीसी थेट बॅटरीत जातो. ३० किलोवॉटचा चार्जर असेल, तर तेच काम पाऊण तासाच्या आसपास होतं. अशा यंत्राची किंमत लाखांच्या घरात असते.

दुसरा खर्च जोडणीचा. ६० किलोवॉटचा एक चार्जर म्हणजे ६० इस्त्र्या एकाच वेळी चालू करण्यासारखं आहे! गल्लीतल्या डीपीवर आधीच घरांचा आणि दुकानांचा भार असतो. त्यात असे दोन-तीन चार्जर आले, तर वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागू शकतो. तो ठेवायचा कुठे? पेठेत तर सायकल लावायला जागा मिळेना!

तिसरा खर्च सगळ्यांत गमतीचा, रिकाम्या वेळेचा! समजा, एका स्टेशनचं भाडं, कर्जाचा हप्ता, देखभाल असं सगळं मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. दिवसाला २०० युनिट खपले, तर महिन्याचे ६,००० युनिट होतात. म्हणजे प्रत्येक युनिटवर १० रुपयांचा बोजा. पण दिवसाला ५० युनिटच खपले तर? महिन्याचे १,५०० युनिट आणि युनिटवर बोजा ४० रुपये! म्हणजे गाड्या कमी म्हणून भाव जास्त. भाव जास्त म्हणून लोक गाड्या घ्यायला कचरतात. कोंबडी आधी की अंडं आधी, तशातलीच ही गत!

स्टेशनवाला वीज विकतच नाही!

आता एक कोडं. चार्जिंग स्टेशन काय विकतं? “वीज!” असं तुम्ही ओरडाल. सपशेल चूक!

आपल्या देशात २००३ च्या वीज कायद्यानुसार, वीज वाटायची आणि विकायची तर परवाना लागतो. पुण्यात हे काम महावितरण करते. मग प्रत्येक चार्जिंग स्टेशनने परवाना काढायचा का? एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला, की त्याची गरज नाही. चार्जिंगमध्ये विजेचं बॅटरीतल्या रासायनिक ऊर्जेत रूपांतर होतं, म्हणून ही विजेची विक्री नसून एक सेवा आहे. या एका खुलाशाने स्टेशन उघडण्याची वाट मोकळी झाली.

पण नाण्याला दुसरी बाजू असतेच. घरच्या विजेवर जीएसटी नाही, सेवेवर मात्र आहे. चार्जिंग ही सेवा म्हटल्यावर तिला १८ टक्के जीएसटी लागू झाला. २०२३ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात असाच निवाडा झाला. मामाच्या बिलातले ६४ रुपये ८० पैसे आले ते इथून!

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०२४ साली ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के कर होता आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. तिथेही स्वतःचं अंगण नसलेले लोक विचारत होते, “आमच्याकडे गाडी लावायला जागा नाही, हा आमचा गुन्हा झाला का?”

उन्हात स्वस्त, अंधारात महाग

विजेचा भाव घड्याळाप्रमाणेही बदलू शकतो. दुपारी सौर ऊर्जा भरपूर मिळते. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. म्हणून केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक युक्ती आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने द्यायची, बाकीच्या वेळी १.३ पट दराने. म्हणजे सरासरी खर्च १० रुपये असेल, तर दुपारी ७ रुपये आणि रात्री १३ रुपये. ही सवलत स्टेशनवाल्याने पुढे गिऱ्हाइकाला दिली, तर जेवण करून वामकुक्षी घेणाऱ्या मामाला ती सोडून दुपारीच गाडी चार्ज करायला जावं लागेल!

मुद्दा वाड्याचा

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. ज्याचा बंगला आहे, ज्याच्या सोसायटीत पार्किंग आहे, तो रात्री गाडी सॉकेटला लावतो आणि निवांत झोपतो. त्याला स्वस्त वीज मिळते. जो वाड्यात, चाळीत, गल्लीबोळात राहतो, त्याला तीच वीज जवळजवळ दुप्पट भावाने घ्यावी लागते. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला तर असा फरक रोजच सोसावा लागेल. धूर आणि गोंगाट कमी व्हावा, असं पेठेला इतर कुणाहून जास्त वाटत असेल. पण विजेच्या गाडीचा पूर्ण फायदा मात्र पेठेच्या वाट्याला येत नाही.

यावर उपाय नाहीत का? आहेत ना! स्कूटरच्या काही बॅटऱ्या काढून घरात नेता येतात. वाड्यातल्या माणसाला त्या सोयीच्या. लंडनमध्ये रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांतच चार्जर बसवले आहेत. वाहनतळावर गाडी रात्रभर उभी राहणार असेल, तर तिथे महागडा जलद चार्जर हवाच कशाला? साधे, सावकाश चालणारे स्वस्त चार्जर पुरतील. डिसेंबर २०१८ च्या सरकारी तत्त्वांत शहराच्या तीन गुणिले तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात किमान एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. पण नकाशावर काढा बघू असा चौकोन! बुधवार, शनिवार, नारायण, कसबा अशा कितीतरी पेठा त्यात मावतात. एवढ्या माणसांना एक स्टेशन कसं पुरणार?

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा रस्त्यावर विजेच्या गाड्या आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त दिसतील. त्यांची वीज कुणाला किती भावाने मिळावी, हे ठरवणाऱ्यांत कदाचित तुम्हीही असाल. तेव्हा आपल्या मामाचा हा रविवार विसरू नका!

करून पाहा

१. घरचं वीजबिल मागून घ्या. महावितरणच्या घरगुती दरांत टप्पे असतात. वापर वाढला, की वरच्या युनिटांचा दरही वाढतो. तुमच्या घरी महिन्याला गाडीसाठी १०० युनिट जास्त लागले, तर ते कोणत्या टप्प्यात जातील?

२. एका स्टेशनचा दर दुपारी युनिटला १६ रुपये आहे आणि रात्री आठ वाजता २२ रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे. मामाने १८ युनिट रात्रीऐवजी दुपारी भरले, तर किती रुपये वाचतील?

(उत्तर : १२७ रुपये ४४ पैसे. आधी स्वतः सोडवा, मगच पाहा. पाहिलंत ना आधीच?)