डबा टू कार्टन व्हाया बदाम

'मागच्या वेळी वजन किती होतं?' डॉक्टरांनी विचारलं.

मी फाईल पुढे केली. पहिल्या वाढदिवसाला 9 किलो 200 ग्रॅम. आणि आज, पंधराव्या महिन्यात, 9 किलो 350. तीन महिन्यांत जेमतेम दीडशे ग्रॅम! माझ्या लॅपटॉपचा चार्जरसुद्धा याहून जड असेल. चार्टवरची रेघ आडवी झाली होती. असे आडवे ग्राफ मी ऑफिसात रोज बघतो आणि मीटिंगमध्ये काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेतो. इथे मात्र समोर चिरंजीव बसले होते, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप चघळत.

'दूध कुठलं देता?'

'बदामाचं,' मी जरा ऐटीतच म्हणालो. 'बिनसाखरेचं. दिवसाला सहाशे एमएल.'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिथेच मला कळलं की काहीतरी चुकलंय.

थोडं मागे जातो. बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा संपली आणि तिची बँक पुन्हा सुरू झाली. ऐरोली ते फोर्ट असा प्रवास करून अंगावरचं दूध टिकवणं तिला फार काळ जमलं नाही. (ज्यांना दोन वर्षांपर्यंत जमतं त्यांना आमचा सलाम!) म्हणून साडेसहाव्या महिन्यात नेहमीची पावडर आणली. पहिल्याच बाटलीनंतर वीसेक मिनिटांत चिरंजीवांच्या अंगावर लालभडक गांधी, डोळे सुजलेले. धावतपळत दवाखाना गाठला. पुढे टेस्ट झाल्या आणि निदान आलं: गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी. लॅक्टोज पचत नाही तो प्रकार वेगळा. त्यात पोट बिघडतं, लॅक्टोज काढलेलं दूध चालतं. इथे दुधातलं प्रोटीनच शत्रू, त्यामुळे दही, पनीर, अगदी साजूक तूपसुद्धा बाद. सोसायटीतल्या काकूंनी शेळीचं दूध सुचवलं. पण म्हैस काय, शेळी काय, त्यांची प्रोटीन्स गाईच्या इतकी जवळची की तेही नको.

मग आला सोया फॉर्म्युल्याचा डबा. चारशे ग्रॅमचा एक डबा चार दिवसांत फस्त व्हायचा. वर्ष पूर्ण झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'आता डबा हळूहळू बंद करू शकता. कार्टनमधलं सोया चालेल.' सोया एवढंच ऐकून मी बाहेर पडलो आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये जाऊन अडकलो. 'मुलग्याला सोया? अरे, हॉर्मोन्सचा प्रॉब्लेम होतो!' असं एका कलीगनं छातीठोकपणे सांगितलं. त्याला मूल नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. घरी येताना मी बदामाचं कार्टन घेऊन आलो. बदाम! आपल्याकडे बुद्धीसाठी पोरांना भिजवून देतात. त्यात वाईट काय असणार?

वाईट काहीच नव्हतं. चांगलंही फारसं नव्हतं. डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे गणित मांडलं. सहाशे एमएल फॉर्म्युला म्हणजे साधारण चारशे कॅलरी. तेवढंच बिनसाखरेचं बदामाचं दूध म्हणजे शंभराच्याही आत. या वयाच्या पोराला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात, त्यातल्या तीनशे मी गुपचूप गायब केल्या होत्या. प्रोटीनचं तर विचारूच नका: शंभर एमएल गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर, सोयात तीनच्या आसपास, बदामात जेमतेम अर्धा ग्रॅम. कार्टनमध्ये बहुतेक पाणीच असतं. आणि त्या पाण्यानं पोट भरल्यामुळे चिरंजीव वरणभाताला तोंड लावत नव्हते. आम्ही समजत होतो, नखरे!

'दूध हा शब्द विसरा,' डॉक्टर म्हणाले. 'डबा हे त्याचं जेवण होतं. तुम्ही जेवण काढून सरबत दिलंत.'

हे वाक्य मला रात्री दोन वाजेपर्यंत झोपू देईना. शेवटी उठून फ्रीजमधलं कार्टन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची मागची बाजू वाचली. गंमत म्हणजे त्यावर 'मिल्क' असं लिहिलेलंच नव्हतं, 'बेव्हरेज' होतं. वनस्पतींपासून केलेल्या पेयांना दूध म्हणून विकू नका, असं एफएसएसएआयनं 2021 मध्येच ऑनलाइन दुकानांना बजावलंय. सरकारला जे कळत होतं, ते बापाला कळलं नव्हतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनीही 2019 मध्ये हेच सांगितलं: पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी वनस्पतींचं पेय द्यायची वेळ आलीच, तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन्स घातलेलं, बिनसाखरेचं सोया त्यातल्या त्यात दुधाच्या जवळचं. तांदळाचं पेय तर ब्रिटनमध्ये आर्सेनिकमुळे या वयाला देऊच नका म्हणतात. आणि हॉर्मोन्स? डॉक्टर हसले. 'सहा महिने सोयाच्या डब्यावर वाढला की तो! काय झालं त्याला?' (काही ॲलर्जीवाल्या मुलांना सोयाही चालत नाही. त्यांचा मार्ग वेगळा, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.)

मग खरा बदल सुरू झाला. एका झटक्यात केला तर पोरगं तोंड फिरवतं. म्हणून आधी डबा नेहमीसारखा पाण्यात कालवायचा, आणि त्या तयार दुधात पाव हिस्सा सोया मिसळायचं. पावडर थेट सोयात टाकायची नाही, ते भलतंच घट्ट होतं. तीन-चार दिवसांनी अर्धं-अर्धं. मग पाऊण. चिरंजीवांनी अर्ध्यापर्यंत काही ओळखलं नाही. पाऊणला मात्र बाटली सरळ फेकली. आम्ही दोन पावलं मागे आलो, सोया कोमट करून दिलं, बाटलीऐवजी स्टीलचा छोटा पेला दिला. नव्या पेल्याच्या कौतुकात नवी चव खपून गेली. सगळं मिळून तीन आठवडे लागले. दिवसाला चारशे एमएल, त्यावर नाही. कार्टन दर वेळी खळखळून हलवायचं, नाहीतर वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि शेवटी सिंकमध्ये जातं.

पण अर्धी लढाई ताटात होती, आणि ती आईनं लढवली.

आईबद्दल सांगायलाच हवं. ती रत्नागिरीची. दुधाची ॲलर्जी हे तिला सुरुवातीला आमचं फॅड वाटायचं. 'आमच्या वेळी नव्हतं रे असलं काही.' पाडव्याला तिनं प्रेमानं बोटभर श्रीखंड नातवाच्या जिभेवर टेकवलं. पुन्हा त्याच गांधी, पुन्हा रिक्षा. दवाखान्यात ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर उरलेलं श्रीखंड तिनं शेजारी देऊन टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंग घेऊन बिस्किटांची पाकिटं वाचायला लागली. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स हे शब्द तिला आता आमच्याआधी दिसतात. बेकरीतल्या सुट्या पावाला ती हातही लावू देत नाही, कारण त्यावर लेबलच नसतं.

तर आईनं हिशेब हातात घेतला. या वयाला कॅल्शियम लागतं दिवसाला 500 मिलिग्रॅम, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. चारशे एमएल फोर्टिफाइड सोयात त्यातलं बरंचसं येतं, उरलेल्यासाठी नाचणीचं सत्त्व नारळाच्या दुधात, भाकरीवर बारीक तिळकूट, मऊ मुगाचं वरण, त्यात तुपाऐवजी चमचाभर तेल, रोज एक अंडं. (आई स्वतः अंडं खात नाही. उकडते मात्र मनापासून.) नारळाचं दूध नुसतं प्यायला द्यायचं का, असंही तिनं विचारलं होतं. नाही. स्वयंपाकात स्निग्धांशासाठी उत्तम, पण त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम नावापुरतं.

अठराव्या महिन्यात काटा 10 किलो 200 वर गेला. रेघ पुन्हा वर वळली. बायकोनं चार्टचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. माझ्या प्रमोशनचा टाकला नव्हता. बरीच मुलं तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत या ॲलर्जीतून बाहेर पडतात. डॉक्टर पुढच्या वर्षी पुन्हा टेस्ट करून, त्यांच्या समोर, भाजलेल्या पदार्थातल्या दुधापासून सुरुवात करून बघणार आहेत. घरी प्रयोग करायचा नाही, हे आईनं डॉक्टरांच्या आधीच मला ऐकवलं.

परवा कोजागिरी झाली. सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाचं मोठं पातेलं, सगळीकडे सांडणारे कप, आणि दीड वर्षाचं पोरगं मोकळं सुटलेलं. मला टेन्शन आलं होतं. आईनं मात्र दुपारीच त्याच्या पेल्याला लाल दोरा गुंडाळून ठेवला होता, म्हणजे कुणी चुकून दुसरं काही ओतू नये. त्यात कोमट सोया, दोन काड्या केशर. चिरंजीवांनी ते एका दमात संपवलं, पांढऱ्या मिश्या घेऊन पातेल्याकडे बोट दाखवलं आणि ओरडले, 'दुदू!'

आईनं त्याला उचललं आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला चंद्र दाखवायला घेऊन गेली.